सुपरमॅन पुढे की फ्लॅश?

अमेरिकन कॉमिक्सच्या चाहत्यांमध्ये दोन वाद पिढ्यानपिढ्या चालत आले आहेत. सर्वांत ताकदवान सुपरहिरो कोण हा एक, आणि सर्वांत वेगवान कोण हा दुसरा. ताकदीच्या वादात उमेदवारांची रांग लागते. वेगाच्या वादात मात्र कुठूनही सुरुवात केली तरी गाडी बहुतेक वेळा सुपरमॅन आणि फ्लॅश या दोन नावांवर येऊन थांबते. दोघेही डीसी या एकाच प्रकाशनसंस्थेचे आणि ‘जस्टिस लीग’मधले सहकारी. त्यामुळे त्यांची शर्यत लावणे प्रकाशकाच्याच हाती होते. ती त्याने अनेकदा लावली, पण निकाल द्यायची वेळ आली की बऱ्याचदा अंग चोरले.

सुपरमॅन थोरला. जेरी सीगल आणि जो शस्टर यांचा हा नायक जून 1938 च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात आला तेव्हा त्याला उडता येत नव्हते. तो साधारण दोनशे मीटरची उडी मारायचा आणि एक्स्प्रेस गाडीला मागे टाकायचा, एवढीच त्याची मजल. पुढच्या वीस वर्षांत लेखकांनी त्याला इतके काही बहाल केले की प्रकाशाचा वेग ओलांडून भूतकाळात फेरफटका मारून येणे त्याला नेहमीचे झाले.

फ्लॅश जानेवारी 1940 चा. गार्डनर फॉक्स आणि हॅरी लॅम्पर्ट यांनी घडवलेल्या या पहिल्या फ्लॅशला, म्हणजे जे गॅरिकला, एकच विद्या येत होती, ती म्हणजे धावणे. दुसऱ्या महायुद्धानंतर सुपरहिरोंची चलती ओसरली आणि 1949 मध्ये त्याचे मासिक बंद पडले. 1956 मध्ये संपादक ज्युलियस श्वार्ट्झ यांनी तेच नाव नव्या माणसाला दिले. तो बॅरी ॲलन, पोलिसांच्या प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ, आणि गंमत म्हणजे सगळीकडे उशिरा पोचणारा. रसायनांच्या कपाटावर वीज कोसळते, ती रसायने त्याच्या अंगावर सांडतात आणि तो सुसाट सुटतो. चित्रकार कारमाइन इन्फन्टिनो यांनी हा वेग कागदावर उतरवला. आडव्या, लांबच लांब चौकटीत एकाच धावणाऱ्या माणसाच्या आकृत्या एकामागोमाग एक काढायच्या, मागच्या आकृत्या पुसट होत गेलेल्या, पाठीमागे लाल-पिवळ्या रेषांचा पट्टा आणि दूरवर शहराची स्थिर आकाशरेषा. स्थिर चित्रात गती दाखवण्याची ही युक्ती इतकी जमली की फ्लॅश म्हटले की आजही तीच रेषा डोळ्यांपुढे येते.

वादाला बळ दिले ते अंकांतल्या वाचकांच्या पत्रांनी. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला श्वार्ट्झ पत्रलेखकांचे पूर्ण पत्ते छापू लागले. गावोगावचे वाचक मग एकमेकांना थेट पत्रे लिहू लागले आणि चाहत्यांचे जाळे विणले गेले. अशा वाचकांना शर्यत हवीच होती.

पहिली शर्यत ऑगस्ट 1967 च्या ‘सुपरमॅन’च्या 199 व्या अंकात लागली. कथा लिहिणारा जिम शूटर तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांचा होता. संयुक्त राष्ट्रसंघासाठी निधी उभा करायला दोघे पृथ्वीप्रदक्षिणेला निघतात. सुपरमॅनने उडायचे नाही, ही अट. तिकडे सट्टेबाजांच्या दोन टोळ्यांनी दोघांवर पैसा लावलेला असतो. हे कळल्यावर कोणत्याच टोळीचे फावू नये म्हणून दोघे ठरवून एकाच क्षणी रेषा ओलांडतात. कथेपुरते हे कारण चोख आहे. दुकानातले कारणही उघड होते, कारण दोन्ही नायकांची मासिके विकायची होती आणि हरलेला नायक कोणाला नको होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ‘द फ्लॅश’च्या 175 व्या अंकात सूड उगवायची संधी आली. या वेळी शर्यत विश्वाच्या टोकापर्यंत गेली, तरी स्पष्ट विजेता काही मिळाला नाही.

तिसऱ्यांदा, 1970 अखेरच्या ‘वर्ल्ड्स फायनेस्ट’च्या दोन अंकांत, लेखक डेनी ओनील यांनी कोंडी फोडली. शेवटी दोघे शक्ती गमावून, जायबंदी होऊन जमिनीवर सरपटत असतात आणि फ्लॅश आधी पोचतो. सुपरमॅनचे चाहते हा निकाल धरत नाहीत. सरपटण्याला धावणे कोण म्हणेल, हा त्यांचा सवाल, आणि त्यात तथ्य आहे.

1985 मध्ये ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ या मालिकेत बॅरी ॲलन मरण पावला आणि त्याचा शागीर्द वॉली वेस्ट नवा फ्लॅश झाला. संपादकांनी या वेळी लगाम खेचला होता. सुरुवातीचा वॉली ध्वनीच्या वेगाच्या आसपासच धावायचा आणि धावून झाले की ताटेच्या ताटे फस्त करायचा. सुपरमॅनच्या शक्तीलाही कात्री लागली होती. अशा काळात, 1990 मध्ये, मिस्टर मिक्सिझ्पिट्लिक या पाचव्या मितीतल्या खोडकराने दोघांना पळायला लावले आणि वॉली सरळ धावून जिंकला. फ्लॅशच्या बाजूने यापेक्षा स्वच्छ पुरावा क्वचितच सापडेल.

नंतर लेखक मार्क वेड यांनी 1994 मध्ये ‘स्पीड फोर्स’ची कल्पना आणली. डीसीच्या जगातल्या सर्व वेगवान धावपटूंना, म्हणजे स्पीडस्टरना, ऊर्जा पुरवणारा हा अदृश्य साठा. हवेच्या घर्षणाने फ्लॅशचे कपडे का जळत नाहीत, वळताना हाडे का मोडत नाहीत, या प्रश्नांना त्यातून एकरकमी उत्तर मिळाले. भौतिकशास्त्राला ते पटणार नाही, पण वादाचे पारडे त्याने फिरवले. सुपरमॅनचा वेग हा त्याच्या सूर्यशक्तीचा एक भाग ठरला, तर फ्लॅशचा वेग थेट उगमाशी जोडला गेला.

वेग मोजायची चाहत्यांची रीत मोठी चिकाटीची आहे. कथेतला एखादा पराक्रम उचलायचा आणि पेन्सिल घेऊन बसायचे. ‘जस्टिस लीग’च्या ‘जेएलए’ मालिकेच्या 89 व्या अंकातला प्रसंग त्यांचा लाडका. उत्तर कोरियातल्या चोंगजिन शहरावर अणुस्फोट होत असतो आणि वॉली तिथल्या सुमारे पाच लाख माणसांना, एका वेळी एक किंवा दोन अशी उचलून, 35 मैलांवर नेऊन ठेवतो. प्रत्येक खेपेला दोन माणसे धरली तरी अडीच लाख खेपा होतात. जाऊन-येऊन खेप 112 किलोमीटरची, म्हणजे एकूण अंतर दोन कोटी ऐंशी लाख किलोमीटर. प्रकाशाला तेवढे अंतर कापायला दीड मिनिट लागेल. वॉलीने ते सेकंदाच्या अब्जाव्या भागाहूनही कमी वेळात कापले. प्रकाशाच्या हजारो कोटी पट वेग निघतो. लेखकाने हा हिशेब केला असेल असे वाटत नाही. त्याला फक्त स्फोटाआधी शहर रिकामे करायचे होते. तरी छापून आले म्हणजे पुरावा, हा चाहत्यांचा दंडक.

2009 च्या ‘फ्लॅश: रीबर्थ’मध्ये लेखक जेफ जॉन्स यांनी जुन्या निकालांवर बोळा फिरवला. परत आलेल्या बॅरीचा पाठलाग करताना सुपरमॅन पूर्वीच्या शर्यतींतल्या आपल्या विजयांची आठवण करून देतो. त्या धर्मादाय निधीसाठी होत्या, असे सांगून बॅरी क्षणात दिसेनासा होतो. एवढ्याने 1967 च्या बरोबरीचाही अर्थ बदलला आणि बहुतेक चाहत्यांच्या लेखी प्रश्न मिटला. निवाडा योग्यच म्हणावा लागेल. सुपरमॅनकडे ताकद आहे, उड्डाण आहे, उष्ण नजर आहे. फ्लॅशकडून धावणे काढून घेतले तर मागे लाल कपड्यांतला एक शास्त्रज्ञ उरतो.

प्रतिस्पर्धी मार्व्हलकडे क्विकसिल्व्हर आहे, 1964 पासूनचा. 1996 च्या ‘मार्व्हल व्हर्सेस डीसी’त वॉलीने त्याला हरवले. मार्व्हलने त्याआधीच, 1990 अखेरच्या ‘क्वेझार’च्या 17 व्या अंकात, पृथ्वीपासून चंद्रापर्यंतच्या शर्यतीत एक मिस्कील कबुली देऊन टाकली होती. फाटक्या लाल कपड्यांतला, स्मृती हरवलेला एक सोनेरी केसांचा माणूस अचानक उगवतो आणि मार्व्हलच्या सगळ्या धावपटूंना मागे टाकतो. नाव काय, तर ‘बरीड एलियन’. पाच वर्षांपूर्वी मेलेला बॅरी ॲलन वाचकांनी लगेच ओळखला.

मात्र 2003 मध्ये सुरू झालेल्या ‘जेएलए/ॲव्हेंजर्स’ या संयुक्त मालिकेत कर्ट ब्युसिक यांनी वेगळीच मेख मारली. वॉली मार्व्हलच्या जगात पोचतो तेव्हा तिथे स्पीड फोर्सच नसते. त्याचा वेग जातो आणि रस्त्यावरच्या जमावाकडून तो मार खातो. तेव्हापासून वॉली आणि क्विकसिल्व्हर यांची तुलना निघाली की क्विकसिल्व्हरच्या बाजूचे लोक आधी विचारतात, शर्यत कोणाच्या जगात आहे?