पडतो आणि पडो

माण-खटावात काय किंवा जत-आटपाडीत काय, जून लागला की माणसं आभाळाकडे बघतात आणि म्हणतात, 'यंदा तरी पाऊस पडो.' 'पडतो' म्हटलं की ती माहिती झाली. 'पडो' म्हटलं की इच्छा. शाळेत आपण याला आज्ञार्थ म्हणतो आणि 'पडावा' या रूपाला विध्यर्थ.

स्पॅनिश भाषेत इच्छा, विनंती, शंका यांसाठी क्रियापदाचं असंच निराळं रूप आहे. इंग्रजीत असं रूप बरंचसं झिजलेलं, म्हणून इंग्रजीतून शिकताना ते जड जातं.

खरं तर नियम सोपा आहे. नियमित क्रियापदांच्या शेवटी 'आर', 'एर' किंवा 'इर' येतो. 'आर' गटात 'आ'च्या जागी 'ए' करायचा, उरलेल्या दोन गटांत 'ए'च्या जागी 'आ'. आब्लार म्हणजे बोलणे. 'आब्ला' म्हणजे तो बोलतो, 'आब्ले' म्हणजे त्याने बोलावं. कोमेर म्हणजे खाणे. 'कोमे', तो खातो. 'कोमा', त्याने खावं. बिबिर म्हणजे जगणे. घोषणांमध्ये आपण 'व्हिवा' ऐकतो, तो त्याचाच 'बिबा'. अर्थ, चिरायू होवो! 'तू'साठी पुढे 'स' लागतो, 'आपण'साठी 'मोस', 'ते'साठी 'न': आब्लेस, आब्लेमोस, आब्लेन.

आता वापर पाहा. 'मला बोलायचंय' यात इच्छा माझी, बोलणारही मीच. तिथे मूळ रूप चालतं: क्येरो आब्लार. पण 'तू बोलावंस असं मला वाटतं' म्हणताना माणूस बदलला, की रूपही बदलतं: क्येरो के आब्लेस. मराठीतही तसंच झालं ना? सगळीकडे मात्र असं जुळत नाही. 'तो बोलेल असं वाटत नाही' इथे आपण भविष्यकाळ वापरतो, स्पॅनिश माणूस 'आब्ले'च म्हणतो.

स्पेनमध्ये ७११ पासून १४९२ पर्यंत कुठे ना कुठे मुस्लिम राजवट होती. त्या काळातल्या अरबीतून 'ओखाला' हा शब्द आला. मुळात 'अल्लाहची इच्छा असेल तर', आज नुसतं 'असं होवो'. त्याच्यामागून हेच रूप येतं. आपल्याकडे कुणी 'देव करो' म्हणतं, कुणी 'अल्ला करो'. 'करो' दोघांचा एकच.

मराठी माध्यमातल्या मुलांना वाटतं, आधी इंग्रजी पक्कं, मगच दुसरी परकी भाषा. निदान या धड्यापुरतं तरी त्यांनी मराठीचं बोट धरून थेट स्पॅनिशकडे जावं. 'जावं' म्हणालो, बघा!