पत्रा वाकवण्याचे यंत्र आणि सामायिक कार्यशाळा

वीज नाही, गोंगाट नाही, गरगर फिरणारे चाक नाही, अशा या हाताने चालणाऱ्या यंत्राविषयी सामायिक कार्यशाळेत जी बेफिकिरी आढळते, ती त्याच्या सौम्य रूपामुळेच उद्भवते. वस्तुतः वरची दाबपट्टी पत्र्यावर घट्ट बसते तेव्हा तिच्याखाली सापडलेले बोट चिरडते. आणि पत्रा दुमडणारी पुढची फळी उचलली की तिला जोडलेली वजने झुलून, शेजारी बेसावध उभ्या असलेल्या माणसास लागू शकतात. म्हणून फळी उचलण्यापूर्वी आजूबाजूस पाहून मोठ्याने सूचना देणे हा दंडकच मानावा.

जोराचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. पत्र्याची जाडी दुप्पट झाली की तो वाकवण्यास सुमारे चौपट जोर लागतो, आणि स्टेनलेस स्टील तर त्याच जाडीच्या साध्या पोलादापेक्षा कितीतरी अधिक प्रतिकार करते. हे न जाणता जो दांड्यावर नळी चढवून बळ वाढवतो, तो यंत्राची तुळईच कायमची वाकवून बसतो. सळई, तार किंवा वेल्डिंगचा उंचवटा असलेला तुकडा तर यात कदापि घालू नये, कारण दाबपट्टीच्या धारेस एकदा खोक पडली की पुढे येणाऱ्या प्रत्येकाच्या कामावर तो व्रण उमटत राहतो. एकाच्या उतावळेपणाचा भुर्दंड असा अनोळखी माणसाने सोसावा, हे मला सर्वाधिक खुपते.

कापलेल्या पत्र्याची कड आधी कानसून घ्यावी, पत्रा हाताळताना चामडी हातमोजे घालावेत; आणि यंत्रात दोष दिसताच त्यावर चिठ्ठी लावून नोंदवहीत तो दाखल करावा.