चिखल, चाक आणि चालक

वऱ्हाडची काळी जमीन ही आपली अन्नदात्री होय. कापूस, तूर व सोयाबीन हीं सारीं तिचींच लेकरें. परंतु मृगाच्या दोन-चार दमदार सरी पडल्या कीं हीच माउली वाटसरूची वाट अडवून बसते. तिवसा हें गांव अमरावती-नागपूर महामार्गावर असल्यामुळें सडकेवरून जाणाऱ्यास याची कल्पना येत नाहीं. पण डांबर सोडून वर्धा नदीच्या अंगास, कौंडण्यपुराकडील एखाद्या पांदणींत शिरावें, म्हणजे बैलाचा खूर, माणसाची वहाण आणि मोटारीचें चाक यांची सारखीच दशा होते. भर पावसाळ्यांत शेतावरील वस्तींत कोणी आजारी पडलें, तर रुग्णास सडकेपर्यंत पोंचविणें हेंच मोठें संकट होऊन बसतें. याकरितां अलीकडे कांहीं कुटुंबें फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी घेतात व तिला चिखलासाठीं मुद्दाम बनविलेले टायर बसवितात. हे टायर काय करितात, आणि काय करूं शकत नाहींत, हें विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं जाणून घेणें अगत्याचें आहे.

प्रथम चिखलाचा विचार करूं. सुमारें 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वीं दख्खनवर लाव्हारसाचे थर पसरले. त्यांपासून झालेला काळा खडक झिजून ही माती बनली. तिच्यांतील चिकणमातीचे सूक्ष्म कण वहीच्या पानांप्रमाणें एकावर एक रचलेले असतात. पाणी या पानांमध्यें शिरतें आणि माती फुगते. उन्हाळ्यांत तें निघून गेलें कीं ती आकसते व हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओलीं पानें एकमेकांवरून घसरतात, आणि जें लागेल त्यास चिकटूनही बसतात. नदीकांठची ओली वाळू पावलास आधार देते. काळी माती आधार देत नाहीं, आणि रुतलेलें पाऊल सहजासहजीं सोडीतही नाहीं.

आतां चाकाकडे वळूं. आपल्या जुन्या बंडीच्या लांकडी चाकास लोखंडी धाव असते. अरुंद धाव कठीण वाटेवर हलकी चालते. मऊ जमिनींत मात्र ती सुरीसारखी उतरते. हवा भरलेल्या टायरची कल्पना प्रथम 1845 सालीं रॉबर्ट थॉमसन यानें मांडली, आणि 1888 सालीं जॉन बॉइड डनलॉप यानें ती पुन्हां काढून व्यवहारांत रूढ केली. या टायरचा मोठा गुण असा कीं त्याचा जमिनीवरील दाब जवळजवळ आंतील हवेच्या दाबाएवढाच असतो. एक सोपें गणित घेऊं. गाडीचें वजन 1,600 किलो धरलें, तर प्रत्येक चाकावर 400 किलो भार आला. टायरमध्यें दर चौरस सेंटिमीटरला 2 किलो, म्हणजे सुमारें 28 पौंड, हवा असेल तर जमिनीस टेकणारा भाग सुमारें 200 चौरस सेंटिमीटर होईल. तीच हवा 1.25 किलोवर, म्हणजे 18 पौंडांच्या आसपास, आणली तर तो भाग 320 चौरस सेंटिमीटर होतो. भार तोच, पण तो अधिक जागेवर पसरल्यानें चाक कमी रुततें. एक पैसाही खर्च न होतां साधणारा हा उपाय आहे. मात्र सडकेवर येतांच हवा पुन्हां भरली पाहिजे. कमी हवेवर वेगानें धांवणारा टायर तापतो व फुटण्याचा संभव असतो.

चिखलाच्या टायरवर रबराचे जाड ठोकळे असून त्यांमध्यें रुंद खांचा असतात. ठोकळे वरचा निसरडा थर फोडून खालच्या मातीस धरतात. खांचा कडेला उघड्या असल्यामुळें फिरत्या चाकावरील चिखल बाहेर फेंकला जातो. ट्रॅक्टरच्या मागील चाकाची नक्षी पाहिल्यास हेंच तत्त्व आढळेल: तिरप्या पट्ट्यांचें मधलें टोंक जमिनीस आधीं लागतें आणि चिखल कडेकडे रेटला जातो.

साध्या मोटारींत इंजिनाचा जोर दोनच चाकांस मिळतो. उरलेल्या दोन चाकांवरील वजन ओढण्याच्या कामीं येत नाहीं. चारही चाकें ओढूं लागलीं म्हणजे सर्व वजन उपयोगी पडतें. 1941 पासून अमेरिकन सैन्यासाठीं बनलेल्या जीपचें सामर्थ्य यांतच होतें, आणि आज आपल्याकडे दिसणारी, 2010 सालीं प्रथम आलेली 'थार' हीही तिच्याच घराण्यांतील होय. अशा गाडीचे चारही टायर एकाच मापाचे असावे. लहानमोठे असल्यास चाकें एकमेकांशीं भांडतात आणि तो ताण यंत्रावर पडतो.

इतकें असूनही काळ्या मातीपुढें हे टायर पुष्कळदां हार खातात. उंचवट्यावरील बरड जमिनींत थोड्या खोलीवर मुरूम लागतो. तेथें ठोकळ्यांस आधार सांपडतो. नदीकांठच्या खोल काळींत असा तळ लवकर लागतच नाहीं. चिकट माती खांचांत गच्च बसली कीं महागडा टायरही गुळगुळीत टायरासारखा होतो. अशा वेळीं जोर वाढविणें म्हणजे आपल्याच चाकाखालीं खड्डा खणणें होय. चाक जागच्या जागीं फिरूं लागतांच थांबावें, खांचांतील माती काढावी, हवा थोडी कमी करावी, चाकापुढें पऱ्हाटी वा तुराट्या पसराव्या, आणि मग सावकाश निघावें.

डांबरी सडकेवर तर हेच टायर उणे पडतात. विरळ ठोकळ्यांमुळें सडकेस टेकणारें रबर कमी, म्हणून ओल्या डांबरावर गाडी थांबण्यास अधिक अंतर लागतें. आवाज व झीज वाढते, डिझेलही अधिक जळतें. चारही चाकें ओढतात म्हणून गाडी लवकर थांबेल, ही समजूत चुकीची आहे. ब्रेक साध्या मोटारीसही चारही चाकांवर असतात. जे तरुण केवळ दिमाखासाठीं हे टायर लावून पावसांत महामार्गावर भरधाव जातात, त्यांच्या पालकांनीं या गोष्टीचा अवश्य विचार करावा. ज्याचा बहुतेक प्रवास सडकेवर होतो, त्यास मध्यम नक्षीचे टायरच हितावह.

शेवटीं एक गोष्ट सांगणें आम्हांस आवश्यक वाटतें. पांदण कोणा एकाची नसते. बलवान गाडी ओल्या वाटेंतून रेटून नेली कीं मागें खोल चाकोऱ्या राहतात. त्यांत पाणी सांचतें, आणि दुसऱ्या दिवशीं त्यांतच शेजाऱ्याची बंडी अडते, शाळेस येणारें मूल घसरतें. रुग्ण न्यावयाचा असेल तर विलंब करूं नये. तेथें गाडीचें सर्व बळ खर्ची घालावें. पण काम थांबण्यासारखें असेल, तर उघडीप पडून वाट कांहींशी सुकेपर्यंत थांबावें. आपण पार होणें पुरेसें नाहीं. आपल्या मागून येणाऱ्यास वाट उरली पाहिजे. हें भान चालकास असेल, तरच त्याच्या गाडीचें बळ गांवाच्या कामीं येईल.