विज्ञानाचे स्वरूप आणि वैज्ञानिक प्रयोगाची आखणी : महाराष्ट्रातील दोन प्रयोगांच्या संदर्भात

प्रस्तावना :

विज्ञान म्हणजे सिद्ध झालेल्या माहितीचा साठा, असा समज शालेय शिक्षणातून दृढ होतो. पाठ्यपुस्तकातील प्रयोगाचे उत्तर आधीच ठरलेले असते. विद्यार्थी ते उत्तर येईपर्यंत कृती करतो आणि वहीत 'निष्कर्ष' लिहून मोकळा होतो. वास्तविक ज्या कृतीचे उत्तर आधीच ठाऊक आहे ती प्रात्यक्षिक असते, प्रयोग नव्हे. उत्तर ठाऊक नसताना, आपली कल्पना चुकीची ठरण्याची पूर्ण संधी देऊन निसर्गाला विचारलेला प्रश्न म्हणजे प्रयोग होय. प्रस्तुत लेखात विज्ञानाचे स्वरूप व प्रयोगाच्या आखणीची तत्त्वे यांचा विचार एका स्थानिक उदाहरणाच्या आणि महाराष्ट्रात झालेल्या दोन प्रयोगांच्या आधारे केला आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१) विज्ञानाचे ज्ञानपद्धती म्हणून असलेले स्वरूप स्पष्ट करणे.
२) प्रयोगाच्या आखणीतील मूलभूत घटक समजून घेणे.
३) नियंत्रण गट व अंध पद्धती यांचे महत्त्व प्रत्यक्ष उदाहरणांतून मांडणे.

विज्ञानाचे स्वरूप :

विज्ञानाचा आरंभ निरीक्षणातून होतो, परंतु केवळ निरीक्षणांची बेरीज म्हणजे विज्ञान नव्हे. निरीक्षणातून प्रश्न, प्रश्नातून परिकल्पना, परिकल्पनेतून भाकीत आणि भाकितातून कसोटी असा हा क्रम आहे. तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात खंडनक्षमतेचा निकष मांडला. कोणती घटना घडल्यास आपले विधान चुकीचे ठरेल, हे ज्या विधानाबाबत सांगता येते तेच वैज्ञानिक विधान होय. जे विधान कोणत्याही परिस्थितीत खरेच ठरते, ते जगाविषयी काहीच सांगत नाही. म्हणून विज्ञानातील निष्कर्ष कायमचे नसतात. आजवरच्या कसोट्यांना उतरलेले आणि पुढील कसोटीसाठी खुले, एवढाच त्यांचा दर्जा असतो. हा विज्ञानाचा दुबळेपणा नसून चुका दुरुस्त करण्याची ती अंगभूत सोय आहे.

आखणीचे मूलभूत घटक : मिठागराचे उदाहरण

भाईंदरच्या पश्चिमेकडील राई, मुर्धा, मोर्वा या खाडीकाठच्या परिसराला मिठागरांची जुनी परंपरा आहे. 'वाफ्यात पाणी उथळ ठेवले की मीठ लवकर धरते' हे विधान कसोटीस लावायचे आहे, अशी कल्पना करू. एका वाफ्यात पाणी उथळ व दुसऱ्यात खोल ठेवून कोठे मीठ आधी येते ते पाहणे, हा पहिला सुचणारा मार्ग होय. परंतु उथळ वाफा वाऱ्याच्या तोंडावर असेल, त्याची जमीन कमी पाझरणारी असेल किंवा त्यातील पाणी मुळातच अधिक खारट असेल, तर दिसलेला फरक खोलीमुळे पडला असे म्हणता येणार नाही. एका कारणाच्या जागी दुसरेच कारण लपून बसते.

ही अडचण टाळण्यासाठी आखणीत पुढील गोष्टी आवश्यक ठरतात. पाण्याची खोली हा बदलावयाचा घटक, म्हणजे स्वतंत्र चल. मीठ धरण्यास लागणारे दिवस हा मोजावयाचा घटक, म्हणजे परतंत्र चल. एकाच भरतीचे, सारख्या घनतेचे पाणी सर्व वाफ्यांत घेणे हे इतर घटकांचे नियंत्रण. परंतु जमिनीचा पाझर किंवा वारा पूर्णपणे सारखा करता येत नाही. अशा वेळी अनेक वाफे घेऊन, कोणत्या वाफ्यात उथळ पाणी ठेवायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे लागते. या यादृच्छिक निवडीमुळे अज्ञात घटकांचा परिणाम एकाच बाजूला झुकण्याची शक्यता कमी होते. वाफ्यांची संख्या वाढविली की योगायोग व खरा परिणाम यांतील भेद स्पष्ट होऊ लागतो.

येथे मापनाचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. समुद्राच्या पाण्याची घनता सुमारे २५ अंश ब्यूमे झाली की मीठ स्फटिकरूपाने बाहेर पडू लागते. घनतामापकाने ही अवस्था निश्चित ओळखता येते. मात्र 'लवकर' व 'अधिक' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. उथळ पाणी या घनतेपर्यंत आधी पोहोचेल, पण तेवढ्याच क्षेत्रातील खोल पाण्यात एकूण मीठ जास्त असेल. काय मोजायचे हे आधी ठरविले नाही, तर एकाच प्रयोगातून दोन परस्परविरोधी निष्कर्ष काढता येतील.

नियंत्रण गटाचे महत्त्व : गडचिरोलीतील नवजात बालकांचा अभ्यास

प्रयोग केवळ प्रयोगशाळेत होतात असे नाही. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात १९९३ ते १९९८ या काळात केलेला क्षेत्रीय अभ्यास हे त्याचे उत्तम उदाहरण होय. नवजात बालकांच्या गंभीर आजारांवर रुग्णालयातच उपचार व्हावेत, असे वैद्यकशास्त्र मानत होते. परंतु ज्या गावातून रुग्णालय गाठणेच अशक्यप्राय, तेथे या नियमाचा अर्थ उपचार नाहीत असाच होता. प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांनी घरीच नवजात बालकांची काळजी घेतली आणि जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविके दिली, तर मृत्यू कमी होतील काय, हा प्रश्न त्यातून उभा राहिला.

या अभ्यासात ३९ गावांत घरपोच नवजात सेवा देण्यात आली, तर ४७ गावे नियंत्रण गट म्हणून घेण्यात आली. नियंत्रण गावांत शासकीय आरोग्यसेवा पूर्ववत चालू होती. सेवा सुरू करण्यापूर्वी १९९३ ते १९९५ या दोन वर्षांत दोन्ही क्षेत्रांतील मृत्युदराची नोंद झाली होती. त्यानंतरच्या पहिल्या वर्षी प्रामुख्याने बालकांचे घरी जाऊन निरीक्षण करण्यात आले आणि पुढील वर्षी जंतुसंसर्गावरील उपचारांची भर पडली. म्हणजे हस्तक्षेपापूर्वी वास्तव समजून घेणे हा आखणीचाच भाग होता.

आरंभी दर हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यूंचे प्रमाण सेवा दिलेल्या गावांत ६२ आणि नियंत्रण गावांत ५८ होते. तिसऱ्या वर्षी, १९९७-९८ मध्ये, ते अनुक्रमे २५.५ व ५९.६ झाले. यांतील नियंत्रण गावांचा आकडा वाचताना क्षणभर थांबावे लागते. तो नसता तर ६२ वरून २५.५ ही घट चांगला पाऊसपाणी, सुधारलेले रस्ते किंवा ओसरलेली साथ यांच्या नावावर सहज टाकता आली असती. शेजारच्या गावांत प्रमाण जवळजवळ तेवढेच राहिल्यामुळे त्या शंकांना उत्तर मिळाले. हा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. भारत सरकारने २०११ मध्ये आशा कार्यकर्त्यांमार्फत घरपोच नवजात सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला.

या आखणीची मर्यादाही नोंदविली पाहिजे. कोणत्या गावात सेवा द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरविलेले नव्हते. त्यामुळे दोन क्षेत्रांतील मूळ भेदांची शक्यता पूर्णपणे नाहीशी होत नाही. आरंभीच्या नोंदींमुळे ती कमी होते एवढेच. तसेच नियंत्रण गटाचा प्रश्न हा नैतिक प्रश्नही आहे. उपाय गुणकारी आहे हे निश्चित ठाऊक असताना तो कोणापासून राखून ठेवणे समर्थनीय नाही. परंतु तो गुणकारी आहे की घातक, हेच ठाऊक नसताना तुलना न करता सर्वांना तो लागू करणे, हेही निर्दोष म्हणता येत नाही.

अंध पद्धती : फलज्योतिषाची पुण्यातील चाचणी

प्रयोग करणाऱ्याची इच्छा निष्कर्षात उतरू नये, यासाठी अंध पद्धती वापरली जाते. २००८ मध्ये ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर व प्रकाश घाटपांडे यांनी पुण्यात अशी चाचणी योजली. जन्मकुंडलीवरून व्यक्तीची बौद्धिक क्षमता ओळखता येते, हा दावा तपासायचा होता. हुशार मुले १०० आणि बौद्धिक अक्षमता असलेली मुले १००, अशा एकूण २०० कुंडल्या तयार करण्यात आल्या. प्रत्येक सहभागी ज्योतिषाला त्यांतून यादृच्छिकपणे निवडलेल्या ४० कुंडल्या केवळ सांकेतिक क्रमांकासह पाठविण्यात आल्या. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठविली. त्यांचे सरासरी यश निम्म्यापर्यंतही पोहोचले नाही. सर्वाधिक अचूक उत्तरे २४ होती.

४० पैकी २४ हे यश प्रथमदर्शनी उल्लेखनीय वाटते. परंतु संभाव्यतेच्या गणितानुसार, केवळ नाणेफेक करून उत्तरे दिली तरी २४ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता शंभरात सुमारे तेरा असते. म्हणजे २७ व्यक्तींनी निव्वळ अंदाज केला असता तरी तिघा-चौघांना हे यश मिळणे अपेक्षित होते. याउलट २८ किंवा अधिक अचूक उत्तरे योगायोगाने येण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी आहे. यशाची रेषा कोठे ओढायची हे निकालापूर्वी ठरविणे का गरजेचे असते, ते यावरून ध्यानात येते. या चाचणीने एका विशिष्ट दाव्याची परीक्षा झाली. तिच्या आधारे त्यापलीकडचे काही सांगणे हेही अवैज्ञानिकच ठरेल.

समारोप :

वरील उदाहरणांतील विषय परस्परांपासून दूर असले तरी त्यांच्यामागील शिस्त एकच आहे. प्रश्न नेमका करणे, तुलना ठेवणे, निवडीत आपली आवड येऊ न देणे, मोजमाप व निकष आधी ठरविणे आणि मर्यादा उघडपणे सांगणे, ही ती शिस्त होय. त्यासाठी महागडी उपकरणे अनिवार्य नाहीत. गडचिरोलीत ती गावातील स्त्रियांच्या नोंदवहीतून साकारली. राईसारख्या खाडीकाठच्या गावातील विद्यार्थ्यालाही ती चार वाफे, एक घनतामापक आणि चिठ्ठ्यांच्या साहाय्याने शिकता येईल. नवजात मुलाचा मृत्यू नशिबाचा भाग मानला जातो तेव्हा तो मोजला जात नाही, आणि जे मोजले जात नाही ते बदलता येते की नाही हेही कळत नाही. 'हे खरे कशावरून?' हा प्रश्न विचारण्याची आणि त्याचे आपल्याला नको असलेले उत्तरही स्वीकारण्याची तयारी हेच विज्ञानाचे खरे स्वरूप होय. महाविद्यालयीन प्रात्यक्षिकांत ठरलेल्या उत्तरांसोबत एखादा तरी उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवला गेला, तर ही तयारी निश्चितच रुजेल.