मृगाजिनावरील मणिकाम

उत्तर अमेरिकेचा नकाशा उघडला, की कॅनडा व अमेरिकेची संयुक्त संस्थाने यांच्या सीमेच्या परिसरात पाच विशाल सरोवरे दिसतात. त्या प्रदेशात अनिशिनाबे लोक प्राचीन काळापासून राहत आले आहेत. कातडे शिवून त्यावर मण्यांची फुले उमटविणे ही त्यांची परंपरागत कला. ती कशी शिकतात, हे आपण पाहू.

प्रथम कातडे कमवावयाचे. हरणाचे अथवा मूस नावाच्या महाकाय हरणाचे कातडे खरवडून त्यास प्राण्याचाच मेंदू चोळतात, ताणून मऊ करतात आणि कुजक्या लाकडाच्या धुरावर धरतात. धुराने त्यास सोनेरी तपकिरी रंग येतो. शिवाय असे कातडे भिजून वाळले, तरी मऊच राहते.

'मकिझिन' म्हणजे मऊ पायताण. त्याच्या वरच्या तुकड्यावरील नक्षी आधी पुरी करतात. मग तळाच्या कातड्याची लांब कड सारख्या चुण्या घालीत त्यास जोडतात. पूर्वी हाडाच्या आरीने भोके पाडून प्राण्यांच्या स्नायूंपासून काढलेल्या तंतूंनी शिवीत; आता तीन धारांची पोलादी सुईही वापरतात.

युरोपीय व्यापाऱ्यांनी काचमणी आणण्यापूर्वी साळिंदराचे काटे रंगवून नक्षी होई. मोहरीएवढ्या मण्यांच्या या कामास दोन सुया लागतात. एकीने मणी ओवून रेघेवर मांडावयाचे, दुसरीने दर दोन-तीन मण्यांमागे टाका घालावयाचा. टाका सैल पडला, की वेल वाकडी होते आणि सारे उसवावे लागते. मण्यास त्यांच्या भाषेत 'मनिदूमिनेन्स', म्हणजे चैतन्याचे इवलेसे बीज, म्हणतात. परक्यांचा मणी त्यांनी असा आपलासा केला.

परंतु एकोणिसाव्या शतकापासून दोन्ही देशांत या लोकांची असंख्य मुले घरापासून दूर निवासी शाळांत नेण्यात आली. तेथे मातृभाषा बोलण्यासही बंदी असे. आजीजवळ बसून सुई धरावयाचे वय अशा रीतीने हिरावले गेले. कॅनडातील अशा शेवटच्या शाळा 1990 च्या दशकात बंद झाल्या. 2008 साली तेथील पंतप्रधानांनी संसदेत क्षमायाचना केली.

तरीही काही घरांत सुई चालतच राहिली होती. आज तरुण मुलेमुली वडीलधाऱ्यांजवळ बसून पुन्हा शिकत आहेत. कोणी संग्रहालयांतील जुन्या मणिजडित पिशव्यांचे टाकेही न्याहाळतात. पिशवी कपाटात शंभर वर्षे टिकेल; टाका टिकावयाचा, तर तो एका हातातून दुसऱ्या हाती गेलाच पाहिजे, असे आम्हांस वाटते.