मावशींना आत सोडायचं का?

तुमच्या सोसायटीच्या गेटवर ‘फेरीवाल्यांना सक्त मनाई’ अशी पाटी आहे ना? आमच्याही आहे. परवा त्याच पाटीखाली पालेभाजीवाल्या मावशी टोपली घेऊन ताटकळत होत्या आणि डिलिव्हरीवाला मात्र बिनधास्त आत गेला.

आता कायदा काय म्हणतो बघा. २०१४ चा पथविक्रेता कायदा फक्त फुटपाथवाल्यांचा नाही. फिरून माल विकणारेही त्यात येतात. सर्वेक्षणात नोंद झाली की विक्री प्रमाणपत्र मिळतं आणि त्यात फिरत्या विक्रेत्यांचा वेगळा प्रकार आहे. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे, त्यातल्या एक तृतीयांश महिला. माल जप्त झाला तर शुल्क भरून नाशवंत वस्तू मागणी केली त्याच दिवशी परत मिळायला हवी. शिळी मेथी कोण घेणार?

अर्थात, प्रमाणपत्र म्हणजे तुमच्या जिन्यापर्यंतचा पास नव्हे. तिथे सोसायटीची मीटिंग ठरवते. तिला कधी गेलायत? पुढच्या वेळी आईबाबांसोबत जा. पाटी काढा म्हणू नका. ‘प्रमाणपत्र बघून, नोंद करून आत सोडा’, एवढंच सुचवा.