🚛 *सेकंडहँड पिकअप घेताय? पासिंग बघून पैसे पाठवू नका*



माल मार्केटला नेण्यासाठी जुनी पिकअप किंवा छोटा हत्ती घ्यायचा विचार बरेच सभासद करत आहेत. मोबाईलवर फोटो येतात, भाव बरा वाटतो आणि समोरचा म्हणतो, "गाडी पासिंग आहे, पीयूसी आहे, डोळे झाकून घ्या." गाडी असते दोनशे-तीनशे किलोमीटरवर. मग न बघताच टोकन पाठवलं जातं. त्याआधी हा मेसेज पूर्ण वाचा.

*पासिंग म्हणजे नक्की काय?*
पासिंग म्हणजे फिटनेस सर्टिफिकेट. पिवळ्या पाटीच्या मालवाहू गाडीला ते कायद्याने लागतं. गाडी ८ वर्षांची होईपर्यंत दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी ते काढावं लागतं. तपासणीत ब्रेक, स्टेअरिंग, लाईट, रिफ्लेक्टर, हॉर्न, वायपर, काच, सायलेन्सर, धूर अशा गोष्टी बघतात. म्हणजे *त्या दिवशी* गाडी रस्त्यावर चालवण्याइतकी सुरक्षित होती, एवढंच त्यातून कळतं.

*पासिंगमध्ये काय कळत नाही?*
❌ इंजिन आतून किती झिजलंय
❌ क्लच, गिअरबॉक्स, डिफरन्शियल अजून किती दिवस टिकेल
❌ मीटर मागे फिरवलाय का
❌ गाडी पूर्वी पलटी झाली होती का, पुराच्या पाण्यात गेली होती का
❌ तपासणीनंतरच्या महिन्यांत काय बिघडलं

पासिंगच्या दिवसापुरते चांगले टायर चढवून नंतर काढूनही घेता येतात. पीयूसी तर फक्त धुराची तपासणी असते, तिचा ब्रेकशी किंवा चासीशी काही संबंध नाही. आणि पांढऱ्या पाटीच्या खासगी कारला पहिली १५ वर्षं फिटनेस तपासणीच नसते. त्यामुळे कार विकणारा "पासिंग २०३० पर्यंत आहे" म्हणाला, तर ती फक्त नोंदणीची मुदत समजा.

पण पासिंग *नसलेली* गाडीही घेऊ नका. फिटनेस संपलेली मालवाहू गाडी कायद्याने नोंदणी नसल्यासारखीच धरली जाते. अपघात झाला तर विम्याचा क्लेम अडकू शकतो आणि भरपाई आपल्या अंगावर येऊ शकते.

*पायरी १: घरबसल्या कागद तपासा*
📱 एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका. फिटनेस, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत आहे ते दिसतं. विकणाऱ्याने पाठवलेल्या फोटोवर विसंबू नका.
📱 सातबारावर बोजा बघतो तसा आरसीवरही बघा. फायनान्स चढलेला असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय व्यवहार नको.
📱 ई-चलनचा दंड बाकी आहे का बघा.
📱 परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी लागते आणि इथला टॅक्सही भरावा लागतो. तो खर्च धरूनच "स्वस्त" आहे का ते ठरवा.

*पायरी २: गाडी माणसाने बघायलाच हवी*
बैल घेताना आपण दात बघतो, चालवून बघतो, मगच बोली करतो. गाडीचंही तसंच. स्वतः जा आणि सोबत आपला मिस्त्री न्या. जमत नसेल तर त्या गावातला ओळखीचा माणूस आणि *विकणाऱ्याच्या ओळखीचा नसलेला* मिस्त्री पाठवा. मिस्त्रीची मजुरी वाचवायला जाऊ नका. इंजिनचं काम निघालं तर त्याच्या कितीतरी पट पैसे जातात.

मिस्त्रीला हे बघायला सांगा:
✅ *थंड इंजिन* चालू करायचं. आधीच गरम करून ठेवलं असेल तर थांबायचं. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर पाणी आत जात असल्याची शंका घ्या.
✅ इंजिन चालू ठेवून ऑईलचं झाकण काढायचं. तिथून जोरात धूर फेकत असेल तर इंजिन कामाला आलंय.
✅ गाडीखाली जाऊन चासीला वेल्डिंग किंवा चीर आहे का, पाटे तुटलेत का बघायचं. ओव्हरलोड चाललेली गाडी इथे कळते.
✅ सीटखाली, फ्यूजबॉक्समध्ये, मॅटखाली गाळ किंवा गंज आहे का? २०१९ ला कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ ला चिपळूणमध्ये आलेल्या पुरासारख्या पाण्यात बुडालेली गाडी आरसीवर ओळखू येत नाही.
✅ टायरवरचा चार आकडी नंबर वाचायचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी टायर जुना असू शकतो.
✅ चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी जुळवायचे.
✅ माल भरून, चढावर चालवून बघायची.

*पायरी ३: पैसे आणि नाव*
💰 गाडी बघण्याआधी टोकन नाही. "दुसरं गिऱ्हाईक उभं आहे", "ट्रान्सपोर्टने पाठवतो, भाडं आधी टाका" असं कोणी म्हणालं की सावध व्हा. फसवणूक झालीच तर लगेच *१९३०* वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.
📝 फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन ३० दिवसांच्या आत नाव बदलायला टाका. विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला अर्ज द्या.
⚠️ *गाडी विकणाऱ्या सभासदांनीही लक्ष द्या.* आरटीओत नाव आपलंच राहिलं तर पुढच्या अपघाताची नोटीस आपल्याच दारात येते. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून गाडी सोडू नका.

थोडक्यात, गाडी रस्त्यावर चालवता येते की नाही हे पासिंग सांगतं. ती *घ्यावी की नाही* हे आपला मिस्त्रीच सांगू शकतो. हंगामाचा पैसा एका फोटोवर लावू नका. त्या गाडीत मालासोबत आपल्या घरचा माणूसही बसणार आहे.

गाडी बघायला जायच्या आधी हा मेसेज मिस्त्रीलाही पाठवा. आपल्या गटातलं कोणी गाडी शोधत असेल तर त्यांनाही पाठवा. 🙏

— *सभासद सल्ला, आपली शेतकरी उत्पादक कंपनी*